मोहाखालची कबर

गावाबाहेरच्या जुन्या चर्चच्या आवारात मोहाचं मोठं झाड आहे आणि त्याखाली एका गोऱ्या साहेबाची कबर. पहाटे सगळीकडे मोहफुलं टपटपतात, पण कबरीवर एकही पडत नाही. म्हणून तिथं कोणी वेचायला जात नाही.

यंदा माझी माय तिथं वेचायला गेली. "एवढा मोहा सडून राहिला. झाड का त्याच्या बापाचं आहे?" म्हणत ती सरळ कबरीवरच बसली.

"माय, ऊठ न," मी फाटकापाशी स्कूटीजवळून ओरडले.

"कायले? तो मेला. मी जिती आहो."

तिच्या अंगावरही फूल पडलं नाही.

ती उठून वेचायला लागली, तशी कबरीवर फुलं पडू लागली. आता फुलं न पडणारी रिकामी जागा मायसोबत सरकत होती. मायनं ते पाहिलं आणि वेचतच राहिली.

डोक्यावरून बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान गेलं, तेव्हा टोपली शिगोशीग भरली होती. अशी टोपली डोक्यावर घ्यायला दुसऱ्याचा हात लागतो. मी धावले, पण मायनं मला थांबवलं आणि शेजारच्या रिकाम्या जागेला दटावलं, "फुकट कायले फिरून राहिला माह्या मागं? लाव हात!"

टोपलीची पलीकडची कड उचलली गेली.