सांगलीचा सोडा

मुलांनो, समुद्रातला एक चिमुकला देश डोळ्यांसमोर आणा. तिथे एक्स-रेचं मशीन होतं, पण फोटो पाहणारे डॉक्टर सांगलीत बसून पडद्यावरून बोलायचे.

मशीनपुढे मंजिरी उभी होती. पणजोबांपासून घर तिथलंच, त्यामुळे मराठी जेमतेम. छाती स्वच्छ दिसली, तरच आज गणपती विसर्जनाला जायला मिळणार होतं.

“अरे वा, मराठी मुलगी!” डॉक्टर खुलले. “मंजिरीताई, श्वास घ्या! धरून ठेवा!”

तिने गाल फुगवले.

“झकास! छाती स्वच्छ. जा विसर्जनाला. आता सोडा!”

मंजिरीचा चेहरा जास्वंदीसारखा लाल झाला, तरी गाल फुगलेलेच.

“अहो ताई, सोडा! सोडा!” डॉक्टर घाबरून ओरडले.

एवढा आग्रह पाहून तिला राहवेना. भस्सकन श्वास सोडून तिने विचारलं, “लिंबाचा आहे?”