यवन कुठून आले

दिनकरच्या पत्राला इद्रीसने वर्षभर उत्तर दिलं नव्हतं.

"गावाचा इतिहास छापतोय," दिनकरने लिहिलं होतं. "यवन कुठून आले, यावर एक पान तूच लिही. शाळेपासून तुझ्याइतकं कोणी वाचलेलं नाही. आणि प्रकाशनाला यायचंच."

यायचं कसं? शुवैखमधल्या गॅरेजच्या भागीदारीचा खटला मिटेपर्यंत इद्रीसला कुवेत सोडायला बंदी होती. मिरकाबच्या दोन खोल्यांत तो, मुलगा तल्हा आणि सून बुशरा. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. रत्नागिरीकडे गावात त्याचं निळ्या दाराचं घर होतं, किल्ली दिनकरकडे. आपल्याला नाही तर निदान आपल्या पानाला तरी गावी पोचता यावं, एवढंच त्याला हवं होतं.

यवन म्हणजे ग्रीक. जुन्या लेण्यांत त्यांच्या दानाचे लेख आहेत. आपल्या खाडीतही त्यांची गलबतं आली असतील. पण ग्रीक मुळात कुठले? एक पुस्तक म्हणे, उत्तरेच्या गवताळ मैदानांतून उतरले. दुसरं म्हणे, त्याच्या कितीतरी आधी समुद्रापलीकडून शेतकरी येऊन राहिले होते. इद्रीस लिहायचा, खोडायचा. आपल्याला काय कळतंय, असं वाटून पुन्हा वाचत बसायचा.

"अब्बा, तुमचे ग्रीक पोचले काय?" चहा ठेवताना बुशराने विचारलं.

"अजून डोंगरातच आहेत."

"त्यांना तर व्हिसाही लागत नव्हता!"

तल्हा हसला नाही. खटल्याला पुन्हा पुढची तारीख पडली होती.

शेवटी एका शुक्रवारी इद्रीसला हवं ते वाक्य सापडलं. 'ग्रीक कुठून आलेच नाहीत. नंतर आलेले आणि आधीचे एकमेकांत मिसळले, आणि ग्रीक तिथेच घडले.' त्याने कागद पाकिटात घातला.

तेवढ्यात फोनवर दिनकरचा निरोप आला. "तुझ्या पानाची वाट बघून शेवटी मीच लिहिलं. छपाई पुढच्या महिन्यात. तुझं घर झकास आलंय बघ!"

सोबत पानाचा फोटो होता. वर ठळक अक्षरांत 'आपल्या गावातील यवन'. खाली इद्रीसचं निळं दार.

"काय झालं, अब्बा?"

"काही नाही. पोचले."

इद्रीसने पाकीट उघडलं. 'ग्रीक' खोडून दोन्ही ठिकाणी 'आम्ही' लिहिलं, क्रियापदं दुरुस्त केली आणि पाकीट पोस्टात टाकलं.