ब्रेकचा दिवा

सकाळी दहाला फौजदार गॅरेजात आले आणि बाकावर बसले. साल त्रेचाळीस, ठिकाण साताऱ्याबाहेरचा सांगली रस्ता.

इनामदारांची कित्येक वर्षं गोठ्यात पडलेली मोटार नाथाजीने पुन्हा उभी केली होती. इंजिन बोलू लागलं, टपाला नवं कापड चढलं. राहिला होता फक्त ब्रेकचा दिवा. पेडल दाबलं की कधी लागे, कधी नाही. आणि पोलिसांनी मागून घेतलेली ही गाडी आजच सांगलीला जायची होती.

"मागनं गोऱ्या सायबाची मोटार येनार," फौजदारांचा ड्रायव्हर ज्योतिबा म्हणाला. "धुळीत दिवा दिसला न्हाई तर सायेब आमच्या बोडक्यावर!"

भिंतीपलीकडे, कडब्याच्या खोलीत अर्जुना लपला होता. रेल्वेचे रूळ उखडल्यापासून पोलीस त्याच्या मागावर होते. तो आणि नाथाजी लहानपणी एका ताटात जेवलेले. दाराला आतून कडी, उशाला पिस्तूल. नाथाजीने त्याला बजावलं होतं, "पोलीस असतील तवर कडी काडू नगंस. 'गेला' म्हनून मी हाळी दिली की भायेर ये."

नाथाजी गाडीत बसला. ज्योतिबा मागे उभा राहिला. नाथाजीने ब्रेक दाबला.

"लागला!" ज्योतिबा ओरडला.

आता पाय उचलायचा. दिवा बंद झाला की ज्योतिबा कुठला शब्द ओरडणार, ते उघड होतं.

"आवं, सोडा की!"

नाथाजीचा पाय पेडलवरच राहिला. "वरडू नगंस," तो हळू म्हणाला. "हात दाव नुसता."

"का? माझ्या तोंडाला वास मारतोय व्हय?"

"दाव म्हणतोय न्हवं?" फौजदार आवाज न चढवता म्हणाले. "दाव."

नाथाजीने पाय उचलला. ज्योतिबाने गाल फुगवून हात खाली केला.

पुढच्या खेपेला दिवा लागलाच नाही. नाथाजीने काच उतरवली, बल्ब काढला. बुडाशी गंज चढला होता. तो काचकागदाने घासू लागला, पण नजर पुन्हा पुन्हा मागच्या दाराकडे जात होती. फौजदारांबरोबर आलेले दोन शिपाई पाणी प्यायला विहिरीवर गेले होते. विहीर कडब्याच्या खोलीला लागूनच.

"तुझा भाऊ दादासो बरा हाय रं कोठडीत," फौजदार म्हणाले. "आईला सांग, सांजच्याला येईल घरी."

"व्हय, सायेब."

बल्ब बसला. नाथाजीने ब्रेक दाबला, सोडला. दिवा झकास लागला आणि बंद झाला. ज्योतिबा हरखला, हाताचं विसरला.

"अरं वा! गे—"

नाथाजीने भोंगा दाबला. तो इतका मोठ्याने वाजला की झाडावरचे कावळे उडाले. भिंतीपलीकडे काही हललं नाही.

एक शिपाई मिशा पुसत दारात आला. त्याने फौजदारांकडे पाहून मान हलवली आणि परत विहिरीकडे वळला.

"झालं न्हवं काम?" फौजदारांनी विचारलं.

"झालं."

"मग काढ गाडी, ज्योतिबा."

मोटार खडखडत रस्त्याला लागली. वळणावर मागचा दिवा एकदा लाल झाला. मग आवाजही विरला.

नाथाजीने भिंतीकडे पाहिलं. मग त्याने समोर बाकावर बसलेल्या फौजदारांकडे पाहिलं. त्यांनी पिस्तुलाचा घोडा मागे ओढला आणि बोटाने खूण केली.

"अर्जुना!" नाथाजीने हाळी दिली. "गेला रं फौजदार!"

आतून कडी निघाली.