डावा पट्टा

समजा, तुमच्या घरातल्या मागच्या खोलीत एक विमान आहे. पंख नाहीत, शेपूट नाही, नुसती पुढची बसायची जागा. प्लायवूडची भिंत, तिच्यावर बटणं आणि दांडे, समोर काचेच्या जागी संगणकाचा मोठा पडदा आणि शेजारी शेजारी दोन खुर्च्या. डावी वैमानिकाची, उजवी तुमची. आलं डोळ्यांसमोर? मग आता ठकीजवळ येऊन उभे राहा. दुपारचे चार वाजलेत आणि पाच वाजता भंगारवाला येणार आहे.

हे विमान ठकीच्या आजोबांनी हातानं केलं होतं. ते गेल्यापासून एकदाही सुरू झालं नव्हतं. ठकीच्या आईला शिलाईची यंत्रं मांडायला खोली हवी होती, तरी तिनं भावाला आजचा दिवस दिला होता. पाचच्या आत चालू झालं तर राहील, नाही तर भंगारात. म्हणून मामा जेवण झाल्यापासून भिंतीखाली उताणा पडला होता आणि त्याचे नुसते पाय दिसत होते.

बटणांची सहा पॅनेलं होती. प्रत्येकातून एक केबल संगणकाकडे जायची. मामानं सगळ्या काढल्या आणि पहिल्यापासून लावायला घेतल्या. एक लावायची, तिची ओळ पडद्यावर उमटली असं ठकीनं सांगायचं, मगच दुसरी. पाच पॅनेलं बोलली. सहाव्यानं तोंड उघडलं नाही.

सहावं होतं डाव्या खुर्चीच्या पट्ट्याचं. ‘आधी पट्टा, मग गप्पा,’ असं आजोबा म्हणायचे, आणि दोन्ही पट्टे लागल्याशिवाय पडद्यावरच्या विमानाचं इंजिन सुरूच होऊ नये अशी सोय त्यांनी करून ठेवली होती. पडद्यावर ‘उजवा पट्टा: सुटा’ असं दिसत होतं. त्याच्या वर ‘डावा पट्टा’ एवढंच, आणि पुढे नुसती रेघ.

“दिवा तर लागलाय,” ठकी म्हणाली.

पॅनेलचा हिरवा दिवा खरंच लागला होता. मामानं केबल संगणकाच्या दुसऱ्या पोर्टमध्ये, शेजारच्या खाचेत, घालून पाहिली. संगणकानं पॅनेलला नव्या पोर्टचा नंबर दिला, चारचा नऊ झाला. कुठलं पॅनेल कुठल्या पोर्टला, याची आजोबांनी लिहून ठेवलेली यादी होती, मामानं तीतही चार खोडून नऊ केले. रेघ हलली नाही. शेवटी त्यानं केबलच उजेडात धरली आणि कपाळावर हात मारला. ती त्याच्याच फोनच्या चार्जरची होती. मागे त्यानं इथली चांगली केबल नेली होती, तिच्या जागी ही अडकवली होती आणि नेलेली कधीच तोडून टाकली होती.

“चोर घरातच निघाला,” ठकी म्हणाली.

“घे बोलून. ही नुसती वीज नेते, ठके. डबा पोचवते, निरोप पोचवत नाही.”

केबल खिशात कोंबून मामा कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. जाताना कशाला हात लावू नकोस म्हणून दोनदा बजावून गेला.

सहाव्या पॅनेलचा दिवा विझलेला होता. शेजारच्या खोलीत आईची कात्री कापडातून चालत होती. ठकी हात मागे बांधून उभी राहिली.

डाव्या खुर्चीची गादी जुनी होती. कुणी बसलं की तिच्यातून हवा निघायची, फस्स. तसा आवाज झाला.

ठकीनं तिकडे पाहिलं नाही. पडद्याकडे पाहिलं. रेघ गेली होती.

‘डावा पट्टा: लावला.’

मग तिनं पाहिलं. खुर्ची रिकामी होती. पट्टा बाजूला लोंबत होता, त्याचं बक्कल उघडं. ती ओणवी झाली आणि मामासारखंच क्रमानं तपासलं. पॅनेलला केबल नाही. संगणकाचं नऊ नंबरचं पोर्ट रिकामं. उठून पाहते तर पडद्यावर ‘उजवा पट्टा: सुटा’ लुकलुकत होतं. एक पट्टा लागला की दुसरा असा लुकलुकायचा. ती चपला काढेपर्यंत, वेणी मागे टाकेपर्यंत, कितीही वेळ. आजोबांनी कधी घाई केली नव्हती.

जिन्यावर पावलं वाजली. मामा धापा टाकत आला, गुडघ्यांवर बसला आणि नवी केबल लावली. हिरवा दिवा लागला. ओळ बदलली.

‘डावा पट्टा: सुटा.’

“बोललं!” मामा म्हणाला. त्यानं बक्कल हातानं लावलं, काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. दर वेळी पडदा बरोबर सांगत होता. मग त्यानं आईला हाक मारली आणि तिलाही तेच करून दाखवलं.

आई दारात कात्री घेऊन उभी होती. बराच वेळ ती त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. “राहू दे तुमचं विमान,” ती म्हणाली. “यंत्रं मी पुढच्या खोलीत मांडीन.”

तेवढ्यात घंटा वाजली. भंगारवाला वेळेचा पक्का होता. त्याला चहा पाजून परत पाठवू या म्हणत दोघं बहीणभाऊ दाराकडे गेले, आणि मामाचं हसणं जिन्यावरून ऐकू आलं.

ठकी एकटी उरली. पडद्यावर दोन ओळी होत्या. दोन्ही पट्टे सुटे.

ती खाली वाकली आणि नवी केबल हळूच उपसली. हिरवा दिवा विझला. मग ती उजव्या खुर्चीत चढून बसली, वेणी मागे टाकली, पट्टा लावला आणि डावीकडे न बघता म्हणाली, “माझा लावला.”