ज्येष्ठांचे आसन

तुरुंगांतली आदिवासींची गर्दी ओसरावी, या उदात्त हेतूने ऑस्ट्रेलियातल्या त्या न्यायालयाने न्यायाधीशांशेजारी आदिवासी समाजातल्याच नोरीन या ज्येष्ठ बाईंना आसन दिले. पहिला आरोपी क्लारेन्स. गुन्हा, परवान्याशिवाय गाडी चालवणे. पश्चात्ताप दिसला तर घरी, नाहीतर सहा महिने तुरुंग.

“अरे, या नोरीनबाईंकडे बघून नुसतं ‘चुकलो’ म्हण, की सुटलास!” न्यायाधीश म्हणाले.

क्लारेन्सने भिंतीकडे तोंड वळवले. नोरीनबाईंनीही.

“साहेब, माझी आई आहे ती!” मागच्या बाकावरून क्लारेन्सची बायको ओरडली. “आमच्या कायद्यात जावयानं सासूकडे बघायचंसुद्धा नसतं. बघितलं असतं, तर मीच त्याला घरात घेतलं नसतं.”

“मध्ये बोलू नका, बाई.”

न्यायाधीशांनी निकाल लिहिला : आरोपीला कायद्याची चाड नाही. सहा महिने.