खोडावरची अळंबी

केळीच्या बांधावर पडलेल्या आंब्याच्या खोडावर उगवलेली पांढरी अळंबी नूतननं सालीसकट घरी आणली. खायची की विषारी, हे सासूबाईच सांगणार. त्यांचं माहेर सातपुड्याच्या पायथ्याचं. सासूबाईंनी हौसेनं तेलात लसूण टाकला आणि अळंबी नाकाशी धरली. "हाईच शे ती खावानी! वास लिसन वळखस मी!" "काय जळी राह्यनं?" ओसरीवरून सासरे ओरडले. लसूण करपून घरभर वास सुटला होता, आणि शेगडीशेजारी सासूबाई निवांत अळंबी हुंगत होत्या. नूतननं हळूच गॅस बंद केला. "आई, तो वास कसा असतो?" "ताज्या ताकासारखा." नूतननं हुंगलं. फिनाईलचा भपकारा आला. "माझी नाही हिंमत होत, आई," म्हणत तिनं अळंबी उकिरड्यात पुरली. "आयकं का? तुमनी सून भलती भित्री शे!" सासूबाईंनी ओसरीवर ऐकवलं. "आहेच मी भित्री," नूतन आतून म्हणाली.