नांगराचा पहारा

वारा कालपासून वाढला होता आणि पहाऱ्याची पाळी किसनरावांची होती.

अमडापूरला दुपार चढत होती. ओसरीत खाट टाकून ते फोनकडे बघत बसले होते. त्यांची मुलगी अर्पिता आणि जावई सागर शिडाच्या बोटीवरच राहायचे. आज या देशात, उद्या त्या. सध्या वेस्ट इंडीजमधल्या एका बेटाच्या आडोशाला नांगर टाकून होते. आपला दिवस ती त्यांची रात्र. ते दोघं झोपले की पहारा बाबांकडे.

फोनवर एक गोल होता आणि गोलात हिरवा ठिपका. नांगर घसरून बोट वाहायला लागली, ठिपका गोलाबाहेर गेला, की फोन बोंब मारणार. मग क्षणभर न थांबता अर्पिताला उठवायचं. दिवाळीला आली तेव्हा तिनंच हे सगळं बसवून दिलं होतं. अट एकच, फोन कायम अंगावर हवा. चार्जिंगला लावला तरी शेजारी बसून राहायचं.

“समुद्र निळा काऊन नाही दिसत वं?” त्यांनी तेव्हाच विचारलं होतं.

“निळ्या रंगाले नेट लय लागते, बाबा.”

हे पटण्यासारखं होतं. अमडापूरच्या रेंजचं रडगाणं सगळ्यांनाच पाठ.

पत्नी गेल्यापासून अर्पिता बोट विकून गावी यायचं म्हणत होती. किसनरावांनी साफ नाही म्हटलं होतं. पोरीनं हौसेनं मांडलेला संसार आपल्यापायी मोडावा, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. हा पहारा लागला आणि तो विषय मिटला. बोट सांभाळणं आता त्यांच्याकडे होतं, आणि या गोष्टीचा त्यांना मनापासून अभिमान होता.

शेजारच्या जनकाबाई डोकावल्या. “जेवले का भाऊ?”

“हाव, जेवलो ना.”

जनकाबाईंनी कोपऱ्यातलं झाकलेलं ताट उचलून त्यांच्यापुढे ठेवलं. भाकरी, वांग्याची भाजी, सगळं तसंच होतं.

“वाऱ्याकडे ध्यान होतं,” किसनराव म्हणाले आणि जेवायला बसले. जेवता जेवता त्यांनी नांगराचं शास्त्र सांगितलं. वारा सुटला की साखळी जास्त सोडायची. नांगरावरची बोट इकडेतिकडे झुलतेच, त्याला घाबरायचं नाही. सकाळी ते परसात जाऊन आले तेवढ्यात ठिपका जरा सरकून परत आला होता. आणि तिथला रिवाज असा, की शेजाऱ्याची बोट घसरताना दिसली तर आपली झोप मोडून त्याला जागं करायचं.

“चांगला रिवाज हाय,” जनकाबाई म्हणाल्या. काल ऐकलं तेव्हाही त्या हेच म्हणाल्या होत्या.

त्या गेल्यावर अर्पिताचा झोपण्याआधीचा निरोप किसनरावांनी पुन्हा ऐकला. वारा फार आहे, संध्याकाळी बाजूची एक बोट घसरली, आपला नांगर पक्का आहे. ‘पक्का आहे’ असं पोरीला मुद्दाम सांगावं लागतं, म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय. त्यांना चैन पडेना. देवीला नारळ फोडून यावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. टेकडी काही लांब नव्हती, आणि फोन खिशात होताच.

ते निघाले. दुकानातून नारळ घेतला. बरंच चालले. दोन्ही बाजूंना तूर उभी होती. देवीची टेकडी नेहमी समोर दिसायची, ती आज पाठीमागे होती. रस्त्याचं काम काढलं की ही माणसं वळणं कुठल्या कुठे नेऊन ठेवतात. किसनराव मनातल्या मनात ठेकेदाराला शिव्या देत पुढे चालत राहिले.

आणि फोननं बोंब मारली.

ठिपका गोलाच्या बाहेर होता. त्यांनी घाईघाईनं अर्पिताला फोन लावला. नारळ खाली पडला.

“अर्पे, ऊठ! नांगर घसरला तुहा!”

ती लगेच बोलली, जागीच असल्यासारखी. “उठली, बाबा. तुम्ही घाबरू नका.”

“मले सोड, बोट पाह्य आधी!”

“सागर पाह्यते. बाबा, आता माह्यं ऐका. जागचे हलू नका. हलले की रेंज जाईन. दगड-बिगड असन तर बसा त्याच्यावर, आन् ठिपका काय करते ते सांगा.”

ते मैलाच्या दगडावर बसले. ठिपक्याकडे बघत राहिले.

“थांबली वं,” ते थोड्या वेळानं म्हणाले. “थांबली बोट.”

“थांबली ना? बसून राहा तसेच. मी लाइनवरच हाय.”

तिच्या आवाजामागे वारा घोंघावत होता. एवढ्या वाऱ्यात पोर आपल्याला धीर देते आहे, या विचारानं त्यांना भरून आलं.

जनकाबाईंचा मुलगा धम्मदीप मोटारसायकलवर आला तो थेट त्यांच्यापुढेच थांबला. नारळ उचलून त्यानं डिकीत टाकला.

“चाला काका. बसा मांग.”

“अबे, रेंज जाईन ना.”

“नाही जात. ताईले इचारलं मी.”

धम्मदीपचा फोन हँडलजवळ अडकवलेला होता. त्यातही गोल होता आणि हिरवा ठिपका.

“तुलेही लावलं का बे पहाऱ्यावर?”

“हाव काका. एकाच्यानं होते काय?”

गाडी निघाली. किसनरावांनी एका हातानं त्याचा खांदा धरला, दुसऱ्या हातात फोन. ठिपका हलला. पण या वेळी गोलाच्या दिशेनं.

“अर्पे, माघारी येऊन राह्यली बोट.”

“येऊ द्या बाबा. हळू येऊ द्या.”

वाटेत मेंढरं आडवी आली. धम्मदीपनं गाडी थांबवली. ठिपका थांबला. मेंढरं गेली, गाडी सुटली, ठिपकाही निघाला. जनकाबाई दारातच उभ्या होत्या. ओसरीपुढे गाडी लागली आणि ठिपका गोलाच्या बरोबर मधोमध येऊन उभा राहिला.

“आली वं जाग्यावर,” किसनराव म्हणाले. “झोप आता बिनघोर.”